कुंकू दस्त्याला, तेल नळीला

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. तरी मी दर वर्षी तिथे जातो, झेंडू घासाघीस न करता घेतो (भाव करण्याची हौस बँकेतच फिटली) आणि घरी येऊन खंडेनवमीची पूजा मांडतो. शस्त्रे म्हणून आमच्या घरी आहे काय? कोकणातून आलेला कोयता, आईचा अडकित्ता आणि वडिलांची करवत-पटाशी. त्यांना हळदकुंकू लावताना मला हटकून एक दुनळी बंदूक आठवते.

१९९१ साली मी दादर पश्चिमेच्या एका शाखेत अकाउंटंट होतो. समुद्र चालत दहा मिनिटांवर. दाराशी स्टुलावर बसणारे आमचे पहारेकरी सातारा जिल्ह्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सारे त्यांना हवालदारसाहेबच म्हणत. त्यांच्याकडे बँकेची बारा बोरची दुनळी आणि पट्ट्यात मोजकी काडतुसे. ती बंदूक कधी झाडली गेल्याचे शाखेत कोणालाच आठवत नव्हते.

एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर १८ रुपयांचे व्हाउचर ठेवले. मशीनचे तेल आणि मलमल. मी ते परत केले. जी वापरलीच जात नाही तिला तेलपाणी कशाला, हा माझा हिशेबी सवाल. ते "बरं साहेब" म्हणाले आणि तेल स्वतःच्या पैशाने आणू लागले.

कॅश बंद झाली, शटर अर्धे खाली आले की त्यांचे काम सुरू होई. बंदूक मोडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी आणि बोटांनी खात्री करायची, मग गजाला कोरडी चिंदी गुंडाळून आरपार फिरवायची. चिंदी काळी निघाली की दुसरी. शेवटची चिंदी तेलाची, तीही पिळून काढलेली. बाहेरून सगळीकडे फडके फिरवले की पुन्हा लोखंडाला बोट लावायचे नाही. दस्त्याला धरूनच ती जागेवर ठेवायची. आमच्या शिपायाने एकदा घरचे खोबरेल आणून दिले, तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. खोबरेल थंडीत थिजते आणि जुने झाले की चिकट होऊन धूळ धरते. बंदुकीला पातळ, न वाळणारे तेल लागते आणि तेही बेताने. आणखी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटे. ते बंदूक उलटी ठेवीत, नळी खाली आणि दस्ता वर. सुलटी ठेवली तर तेल उतरून चापाच्या यंत्रात साचते आणि दस्त्याचे लाकूड मऊ पडते, हे त्यांनी मला विचारल्यावर सांगितले.

दादरकरांना गंज समजावून सांगायला नको. खिडकीचे गज, जिन्याचा कठडा, फ्रिजचा पाय. समुद्र घरातून दिसला नाही तरी त्याने आपली सही सगळीकडे केलेली असते. हवेतले मीठ लोखंडावर बसते, ओलावा ओढून घेते आणि काम सुरू होते. घामातही मीठच, म्हणून बोटाचा ठसासुद्धा चार दिवसांनी तांबूस होऊन वर येतो. गंज सच्छिद्र असल्यामुळे तो खालच्या धातूला झाकत नाही, उलट पाणी धरून आणखी आत शिरतो. गंमत अशी की बंदुकीच्या नळीचा निळसर काळा रंग हीसुद्धा लोखंड आणि प्राणवायू यांचीच करणी. कारागिराने मुद्दाम चढवलेला तो दाट थर तेल धरून ठेवतो. पण तेवढ्याने भागत नाही, वर रोजचे फडके लागतेच.

हवालदारसाहेब थ्री-नॉट-थ्रीच्या जमान्यात भरती झालेले. गोळीबार झाला की तेव्हा नळीतून आधी उकळते पाणी ओतीत. गंज नको म्हणून पाणी! कारण असे की त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळल्यावर नळीत एक प्रकारचे मीठ उरे, आणि मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. मग कोरडे करून तेल.

शाखेतल्या खंडेनवमीला बंदुकीचीही पूजा होई. कुंकू ते दस्त्याला लावीत, नळीला कधीच नाही. ओले कुंकू रात्रभर राहिले तर सकाळी त्याखाली डाग. झेंडूची माळही हातभर लांब.

त्या वर्षी जुलैत त्यांच्या घरी आजारपण निघाले आणि ते तीन आठवड्यांच्या रजेवर गेले. बंदूक सांभाळण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी ती कॅनव्हासच्या खोळीत घातली, बंद बांधला आणि स्ट्राँगरूममध्ये तिजोरीमागे उभी करून कुलूप लावले. काम चोख झाले असे मला वाटले. खोळ, कातडी म्यान, गुंडाळलेले कापड ओलावा धरून ठेवतात आणि शस्त्र सर्वांत लवकर त्यांतच कुजते, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते.

रजा संपली त्याच आठवड्यात शाखेची तपासणी लागली. त्यांनी खोळ काढली तेव्हा तपासनीस शेजारीच उभे होते. नळीच्या तोंडाशी नारिंगी ठिपके, आतही. बाहेरचे त्यांनी बारीक लोखंडी लोकर आणि तेल लावून हळूहळू उतरवले, पण आत मोहरीएवढे खड्डे राहिले. गंज काढता येतो, गेलेले लोखंड परत येत नाही. तपासणीच्या अहवालात पहारेकऱ्याचा निष्काळजीपणा अशी नोंद आली आणि खुलासा मागवण्यात आला.

अशा खुलाशांची इंग्रजी पत्रे शाखेत मीच लिहून देत असे. हेही मीच लिहिले. रजेची तारीख त्यात घातली, बंदूक कोणाच्या ताब्यात होती ते घातले नाही. माझी बढतीची मुलाखत दीड महिन्यावर होती. 'झालेल्या हयगयीबद्दल दिलगीर आहे' या अर्थाच्या वाक्याखाली त्यांनी मराठीत सही केली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते, पण काय लिहिले असेल ते कळत नव्हते असे नाही. पेन परत देताना एवढेच म्हणाले, "साहेब, तेलाचं व्हाउचर आता मंजूर होईल का?"

झाले. त्यानंतर दर महिन्याला होत राहिले. बढतीही झाली. ते पुढे निवृत्त होऊन गावी गेले आणि मी ही गोष्ट कुठल्याच कादंबरीत घातली नाही.

माझ्या निवृत्तीनंतर एकदा फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनापुढे बराच वेळ उभा राहिलो. रोज हाताळायची नसलेल्या जुन्या शस्त्रांवर संग्रहालयांत अनेकदा तेलाऐवजी मेणाचा थर देतात. खनिज तेलापासून काढलेले बारीक स्फटिकांचे ते मेण पातळ लावून मऊ कापडाने घोटतात. ते ओघळत नाही, धूळ धरत नाही. तसे एक मिश्रण ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झाले, ते आज जगभर वापरात आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे साताऱ्याला आली तेव्हा ती खरी की कशी यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला. माझ्या मनात मात्र पहिली शंका आली ती ही, की साताऱ्यात भर पावसात ती पुसणार कोण?

असो. यंदाच्या नवमीलाही सकाळी कोयता आणि अडकित्ता कोरड्या फडक्याने पुसले, मग तेलाचा हात दिला. नातवाने कुंकवाचे बोट पात्याकडे नेले तेव्हा मी त्याचा हात धरून मुठीकडे वळवला. "का आजोबा?" त्याने विचारले. पात्याला डाग पडतो, एवढे त्याला सांगितले. उरलेली गोष्ट तो थोडा मोठा झाल्यावर सांगणार आहे.