धूसर फोटो किती सुधारतो?

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर एका शाळेतल्या बाई आमच्याकडे एक फोटो घेऊन आल्या. फोटो डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनाचा होता. त्या रात्री शाळेने निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. फोटोत पडदा होता, माळेचे दिवे होते, मुख्याध्यापकांच्या हातातली शाल होती. मामांचा चेहरा मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा दिसत होता. बाई म्हणाल्या, "फेब्रुवारीत मामा गेले. शाळेत त्यांचा दुसरा फोटोच नाही. ऑफिसात लावायचा आहे. कॉम्प्युटरवर साफ करून मिळेल का?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. फोटो धूसर होतो तेव्हा नेमके काय हरवते, आणि हरवलेले परत मिळण्याजोगे असते का, हे आधी पाहायला हवे. त्यासाठी लागणारे गणित आठवी-नववीच्या मुलांना झेपेल इतपतच आहे.

प्रकाश किती कमी असतो?

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात तो साधारण ३०० लक्स असतो. म्हणजे वर्गातला प्रकाश उन्हाच्या तीनशेव्या हिश्श्याएवढाच असतो. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण आपले डोळे परिस्थितीशी चटकन जुळवून घेतात. कॅमेऱ्याला मात्र तो चुकवता येत नाही.

जुन्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आहे. १०० आयएसओची फिल्म असेल, तर कडक उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ वर ठेवावे आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडावे. एफपुढचा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. आकडा निम्मा केला की व्यास दुप्पट होतो आणि प्रकाश चौपट येतो. आता हाच कॅमेरा वर्गात आणू. छिद्र एफ १६ वरून एफ २ पर्यंत उघडले, तर व्यास आठपट आणि प्रकाश ६४ पट होतो. पण आपल्याला ३०० पट हवा आहे. म्हणजे अजून सुमारे पाचपट कमी पडतो. तेव्हा शटर पाचपट वेळ, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग उघडे ठेवावे लागेल.

विसावा भाग म्हणजे अगदी थोडा वेळ, असे वाटते. पण नाचणाऱ्या मुलीचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरत असेल, तर तेवढ्या वेळात तो १० सेंटीमीटर सरकतो. तिचा हात फोटोत पंख्याच्या पात्यासारखा दिसला, तर दोष कोणाला द्यायचा? शिवाय फोटो काढणाऱ्याचा हातही स्थिर नसतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने हातात धरून फोटो काढायचा, तर शटर पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडे नसावे, असा दुसरा ठोकताळा आहे. विसावा भाग त्यात बसत नाही.

मग आयएसओ वाढवला तर? डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. दूरचे रेडिओ केंद्र क्षीण लागत असताना आवाजाचे बटण पिळावे, तसा हा प्रकार आहे. गाणे मोठे होते आणि खरखरही मोठी होते.

तांदळाचे दाणे आणि रवाळ फोटो

ही खरखर येते कुठून? तिचा काही भाग कॅमेऱ्यातल्या विद्युत मंडलातून येतो. पण मोठा भाग खुद्द प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपाने, एकेक करून येतो, आणि ते येणे पावसाच्या थेंबांसारखे बेभरवशाचे असते.

वर्गात हे करून पाहा. चौकड्यांची चादर जमिनीवर अंथरा. मूठभर तांदूळ उंचावरून जमेल तितके सारखे पसरतील असे टाका. मग प्रत्येक चौकडीतले दाणे मुलांना मोजायला लावा. सरासरी ९ आली, तरी कुठे ६ सापडतील, कुठे १२. जास्त तांदूळ टाकून सरासरी १०० वर नेली, तर बहुतेक चौकड्यांत ९० ते ११० दाणे मिळतील. फरक साधारणपणे सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. ९ ला ३, १०० ला १०, १०,००० ला १००. म्हणजे टक्केवारीत पाहिले तर अनुक्रमे ३३, १० आणि १.

चादरीच्या चौकड्या म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावरचे पिक्सेल आणि दाणे म्हणजे फोटॉन, असे समजा. उन्हात प्रत्येक पिक्सेलला हजारो फोटॉन मिळतात, म्हणून पांढरी भिंत एकसारखी पांढरी दिसते. अंधारात मूठभरच मिळतात, म्हणून तीच भिंत रवाळ, ठिपक्याठिपक्यांची दिसते. कॅमेरा कितीही महाग घेतला तरी हा नियम बदलत नाही. महाग कॅमेरा एवढेच करतो की मोठ्या तोंडाच्या भिंगाने जास्त दाणे गोळा करतो. फोनच्या भिंगाचे छिद्र तीन-साडेतीन मिलिमीटरचे असते. ५० मिलिमीटर, एफ १.८ च्या भिंगाचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे असते. क्षेत्रफळांची तुलना मुलांकडूनच करवून घ्यावी.

दिव्याचा ठसा पाहा

धूसर फोटो हाती आला की त्याचे निदान करण्याची एक सोपी युक्ती आहे. फोटोत एखादा बारीक दिवा शोधायचा. माळेतला दिवा खरे तर ठिपक्यासारखा दिसायला हवा. तो स्वल्पविरामासारखा ओढला गेला असेल आणि सगळे दिवे एकाच दिशेने ओढले गेले असतील, तर हात हलला. दिवे गोल चकत्यांसारखे फुगले असतील, तर फोकस चुकला. दिवे नीट आहेत पण माणूस पुसट आहे, तर माणूस हलला. आणि सगळे जागच्या जागी असून पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत दिसत असेल, तर कॅमेऱ्यातल्याच सॉफ्टवेअरने रवाळपणा घालवताना बारकावेही घासून टाकले आहेत.

ठिपक्याचा हा जो आकार उमटतो, त्याला आपण ठसा म्हणू. धूसर फोटो म्हणजे मूळ चित्रातल्या प्रत्येक बिंदूच्या जागी हा ठसा उमटवून केलेली बेरीज. मग ठसा माहीत असेल, तर उलटे गणित करून मूळ चित्र मिळवता येईल का? एका ओळीतले आठ पिक्सेल घेऊ.

१०, १०, १०, ४०, ४०, १०, १०, १०

हात हलल्यामुळे प्रत्येक पिक्सेल आपल्या डाव्या शेजाऱ्यात मिसळला, म्हणजे दोघांची सरासरी झाली, असे धरा. पहिला आहे तसा ठेवू. धूसर ओळ अशी होईल:

१०, १०, १०, २५, ४०, २५, १०, १०

आता उलटे चला. धूसर आकड्याची दुप्पट करा आणि त्यातून आधी मिळालेले उत्तर वजा करा. चौथ्या जागी ५० वजा १०, म्हणजे ४०. पाचव्या जागी ८० वजा ४०, म्हणजे ४०. सहाव्या जागी ५० वजा ४०, म्हणजे १०. मूळ ओळ जशीच्या तशी परत मिळाली!

पण थोडे थांबा. तांदळाचे दाणे विसरू नका. समजा, तिसऱ्या जागी १० ऐवजी ११ नोंदले गेले. एवढीशी चूक. उलटे गणित पुन्हा केले तर हाती येते:

१०, १०, १२, ३८, ४२, ८, १२, ८

एकाची चूक दोनाची झाली आणि एकदा वर, एकदा खाली असे करत ओळीच्या शेवटपर्यंत गेली. सॉफ्टवेअरने दुरुस्त केलेल्या फोटोंत कडांभोवती पट्टे आणि लाटा दिसतात, त्यांचे मूळ इथे आहे. जेवढा रवाळपणा जास्त, तेवढे हे पट्टे ठळक.

आणखी एक गोष्ट. १२, ८, १२, ८ अशी बारीक पट्ट्यांची भिंत याच रीतीने धूसर केली, तर १०, १०, १० असे सपाट आकडे येतात. सपाट भिंतीचेही तेच येतात. पहिला पिक्सेल १० होता हे आपल्याला ठाऊक होते म्हणून आपले भागले. ते ठाऊक नसेल, तर मूळ भिंत पट्ट्यांची की सपाट, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. ती माहिती फोटोत उरलेलीच नसते.

हबलचा धडा

असाच प्रसंग हबल दुर्बिणीवर आला होता. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि पहिल्याच चित्रांत ताऱ्यांभोवती प्रकाशाचे प्रभामंडळ दिसले. तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला सुमारे दोन मायक्रोमीटरने जास्त सपाट घासला गेला होता. ताऱ्याचा ठसा कसा उमटतो हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि ल्यूसी यांनी १९७४ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने संगणकावर उलटे गणित करून त्यांनी अनेक चित्रे सुधारली. तेजस्वी वस्तूंच्या बाबतीत हे चांगले जमले; अंधुक वस्तूंच्या बाबतीत फारसे जमले नाही. कारण तेच, मोजके फोटॉन. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दोष भरून काढणारी उपकरणे बसवली. संगणकाने तीन वर्षे काम भागवले, पण खरी दुरुस्ती प्रकाशाच्या वाटेतच करावी लागली.

सॉफ्टवेअर काय करू शकते?

प्रामाणिकपणे करता येण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. पहिली, सरासरी. एकाच स्थिर दृश्याचे १६ फोटो असतील, तर ते एकावर एक जुळवून सरासरी काढल्यास रवाळपणा एक चतुर्थांश होतो, कारण १६ चे वर्गमूळ ४. फोनमधला रात्रीचा मोड मुख्यतः हेच करतो. फोटो एकच असेल तर तो लांबी-रुंदीने निम्मा करावा. चार पिक्सेलांचा एक होतो आणि रवाळपणा सुमारे निम्मा होतो. लहान छापलेला फोटो बरा दिसतो तो याचमुळे.

दुसरी गोष्ट, कडा ठळक करणे. फोटोच्या धूसर प्रतीशी तुलना करून कडेच्या गडद बाजूला आणखी गडद आणि उजळ बाजूला आणखी उजळ करायचे. गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. याने नवा तपशील येत नाही. असलेला नीट दिसतो. म्हणून आधी रवाळपणा घालवावा, मग उजेड वाढवावा आणि कडा सर्वांत शेवटी, बेताने. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे वर पाहिलेले उलटे गणित. हात थोडाच हलला असेल आणि प्रकाश बरा असेल, तेव्हाच ते उपयोगी पडते.

याशिवाय आजकाल चौथा प्रकार निघाला आहे, आणि त्याच्याविषयी सावध राहायला हवे. लाखो चेहऱ्यांवर शिकवलेली सॉफ्टवेअर धूसर चेहरा क्षणात लख्ख करून देतात. ती हरवलेली माहिती शोधत नाहीत. तिथे काय असावे याचा अंदाज करून ते रंगवतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या अशा एका प्रणालीला कोणीतरी बराक ओबामांचा अगदी बारीक, चौकोनी ठिपक्यांचा फोटो दिला. तिने त्यातून एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला! तो चेहरा लहान केला तर त्याच ठिपक्यांशी जुळत होता. आपल्या सपाट आणि पट्ट्यांच्या भिंतीसारखेच हे झाले. असा चेहरा पाहून कोणी चोर ओळखू लागले, तर काय होईल याचा विचार करावा.

मामांच्या फोटोवर आम्ही तोही प्रयोग करून पाहिला. चेहरा सुरेख आला. दाट मिशा, रेखीव डोळे. बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "फोटो छान आहे. पण हे आमचे मामा नाहीत."

मग आम्ही फोटो काढणाऱ्या मुलाला विचारले. त्याने सत्काराच्या वेळी एकामागून एक सात फोटो काढले होते. सगळे बिघडलेले म्हणून कोणाला दाखवले नव्हते, पण पुसलेही नव्हते. त्यांतल्या चारांत मामा शाल घेऊन अगदी निश्चल उभे होते आणि दिव्यांचे ठसेही फारसे ओढलेले नव्हते. ते चार जुळवून सरासरी काढली, कडा जराशा ठळक केल्या आणि फोटो पोस्टकार्डाएवढाच छापला. तो लख्ख नाही. पण त्यात मामा आहेत.

यंदाच्या संमेलनासाठी

फोटो सुधारण्याची उत्तम वेळ म्हणजे तो काढण्याआधीची. काही सूचना:

१. शक्य तेवढे दिवे लावा आणि झूम न करता पुढे जाऊन उभे राहा.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर बाकावर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. तेही नसेल तर भिंतीला टेका, कोपरे अंगाशी घट्ट धरा. दोन सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबतानाचा धक्काही टळतो.

३. ट्रायपॉड फक्त कॅमेरा स्थिर ठेवतो, मुलांना नाही. नाचात हात क्षणभर थांबतो, तो क्षण पकडा. सत्काराच्या वेळी पाहुण्यांना दोन सेकंद थांबायला सांगण्यात संकोच कसला?

४. मागच्या रांगेतून फ्लॅश मारू नका. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. २ मीटरवर मिळतो त्याच्या शंभरावा भागच २० मीटरवर पोचतो. उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी.

५. रवाळ फोटो थोडाफार सुधारतो, हललेला क्वचितच. म्हणून आयएसओ वाढवायला भिऊ नका. शटरचा वेळ कमी ठेवा.

६. एका प्रसंगाचे पाच-सहा फोटो काढा आणि बिघडलेलेही लगेच पुसू नका.