उजनीचं पाणी हिरवं का होतं? उकळून भागतं का?

सोलापूर : नवी पेठेतल्या नळाचं पाणी असो की माढा, करमाळ्यातल्या उसाचं, भिस्त मुख्यतः उजनीवरच. शहरात पाणी शुद्ध होऊन येतं. धरणाकाठच्या वस्त्यांवर मात्र माणसं-जनावरं कधी कधी थेट तेच पितात. उन्हाळ्यात काठाला हिरवा थर येतो, वास सुटतो. हे कशामुळं?

पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. त्यात नत्र आणि स्फुरद असतं. जे पिकाला खत, तेच शेवाळालाही. आपल्या शेतातून वाहून गेलेला युरिया, डीएपी त्यात भर घालतो. शेवाळ माजतं, मरून कुजतं. पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात.

आता महत्त्वाचं. उकळल्यानं जंतू मरतात, पण काही निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. तुरटीनं गाळ बसतो, पाण्यात विरघळलेलं विष नाही. म्हणून हिरवा थर असलेलं पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. विहीर, बोअरचं पाणीही तपासूनच वापरा. खत माती परीक्षणानुसार द्या, मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नका. पुण्याचं सांडपाणी शासनानं थांबवायचं, बांधावरचं खत आपण.