‘उंदराचे प्रथिन’ : एका षष्ठीचा अर्थ

मराठीतून जीवशास्त्र शिकवताना मला षष्ठी विभक्ती फार जपून वापरावी लागते. ‘उंदराचे शुद्ध पुनःसंयोजित प्रथिन’ असे म्हटले की विद्यार्थ्यांना वाटते, उंदराच्या रक्तातून काहीतरी काढून कुपीत भरले आहे. प्रत्यक्षात ते बहुधा जिवाणूत तयार झालेले असते.

गॅमा इंटरफेरॉनचे उदाहरण घेऊ. शरीरातील काही पांढऱ्या पेशी ते स्रवतात आणि त्यामुळे मॅक्रोफेज या भक्षक पेशी चेततात. हे प्रथिन कसे घडवायचे याची माहिती जनुकात असते. उंदराच्या त्या जनुकाची प्रत प्लाझ्मिड या डीएनएच्या कड्यात जोडून ई. कोलाय जिवाणूत घालतात. मग जिवाणू स्वतःच्या प्रथिनांबरोबर तेही बनवतो. दोन ठिकाणच्या डीएनएची ही जोडणी म्हणून ‘पुनःसंयोजित’. तेव्हा इथली षष्ठी उगमाची नाही. अमिनो आम्लांचा क्रम उंदराचा, घडण जिवाणूची. उंदराची पेशी या प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडते, ई. कोलाय त्या जोडत नाही. तरी प्रथिन आपले काम करते.

मग ‘उंदराचे’ हा शब्द गाळावा का? मुळीच नाही. उंदराचे गॅमा इंटरफेरॉन माणसाच्या पेशींवर चालत नाही आणि माणसाचे उंदराच्या पेशींवर चालत नाही. तो शब्द गाळला तर प्रयोग फसेल.

‘शुद्ध’ या शब्दाचेही तसेच. शुद्ध तूप म्हटले की भेसळ नाही एवढेच आपण समजतो. इथे शुद्धता मोजावी लागते. अशा प्रथिनांना पुष्कळदा सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडलेली असते. ती निकेलला चिकटते, जिवाणूची इतर प्रथिने बरीचशी वाहून जातात. उरलेले जेलवर तपासून ‘९५ टक्के शुद्ध’ असे लिहितात. पण हा हिशेब फक्त प्रथिनांचा. जिवाणूच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे प्रथिन नव्हे, म्हणून ते त्यात धरलेलेच नसते. आणि त्याच्या अत्यल्प अंशानेही मॅक्रोफेज चेततात. मग परिणाम इंटरफेरॉनचा की एंडोटॉक्सिनचा, हे कळणार कसे? त्यासाठी एंडोटॉक्सिन वेगळे मोजून नोंदवतात.

म्हणून फळ्यावर मी लिहितो : ‘उंदराच्या जनुकावरून जिवाणूत घडवलेले प्रथिन, शुद्धता इतके टक्के, एंडोटॉक्सिन इतके.’ वाक्य लांबते, पण विद्यार्थी पुढचा प्रश्न नेमका विचारतात.