जाळे कापणाऱ्याचा शब्द

जगातला सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी तो मुशीच्या कुळातला. लांबी १२ मीटरच्या पुढेही जाते, आणि एवढ्या धुडाचे पोट भरते ते मुख्यतः सूक्ष्म प्लवकांवर. आपली तापी सुरतेपलीकडे ज्या अरबी समुद्राला मिळते, त्याच समुद्रात सौराष्ट्राच्या किनाऱ्याशी तो येतो.

१९९० च्या दशकात वेरावळच्या आसपास त्याची सर्रास शिकार चाले. यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडले की पाणी मुरत नसे; मांस परदेशी जाई. माइक पांडे यांच्या माहितीपटाने हा प्रकार जगापुढे आणला आणि २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याने या माशाला अभय दिले. शिकार थांबली, पण चुकून जाळ्यात शिरलेल्या माशाचे काय करायचे? सोडायचा तर महागाचे जाळे कापावे लागे, आणि कोणाला कळवावे तर खटल्याची धास्ती. असा प्राणी सापडल्याचे मच्छिमार मग सांगेलच कशाला?

२००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरातच्या वनखात्याने मोहीम उघडली. रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, ती किनाऱ्यावर पटली. तरी माझ्या मते खरे काम उपमेने केले नाही. कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू झाली, पण पंचनाम्यासाठी अधिकारी होडीने येईपर्यंत मासा जाळ्यात तडफडत राही. मग मच्छिमारांच्याच हाती कॅमेरे दिले. त्यांनी जाळे कापावे, फोटो काढावा, आणि तोच पुरावा मानावा. सरकारी कागदाने होडीच्या तांडेलाच्या शब्दावर विसंबावे, हे आपल्याकडे नवलच! पुढे काही माशांना उपग्रह टॅग लावले गेले. त्यासाठीही मासा सापडल्याची पहिली वर्दी मच्छिमारांचीच लागे.

महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये हीच वाट धरली. संरक्षित सागरी प्राणी जिवंत सोडून त्याचा फोटो वा चित्रफीत दिली, तर जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. समुद्री कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क यांच्या नोंदी अशाने बंदराबंदरांतून येऊ लागल्या. भर समुद्रात एवढे डोळे ठेवणे कोणत्याही संशोधन संस्थेला परवडले नसते.

सिंधुदुर्गात प्रश्न वेगळा होता: जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या भोकांचा. ट्रॉलरचे जाळे ओढले की शंकरपाळ्यासारखे आस ताणून मिटतात आणि माशांची पिल्ले आतच अडकतात. चौकोनी आस मात्र उघडे राहतात, त्यातून पिल्ले निसटतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पात अशी जाळी मालवणच्या ट्रॉलरवर लावून पाहिली गेली. मासळी हातची जाईल, ही मच्छिमारांची शंका रास्तच होती. तिचे उत्तर व्याख्यानात सापडणारे नव्हते. त्यांच्याच होडीवर, त्यांच्याच डोळ्यांदेखत जाळे वर ओढून दाखवणे भाग होते.

कांदळवन कक्षाची योजना समुद्रापुरती आहे. तापी-गिरणेतले मऊ पाठीचे कासवही कायद्याने संरक्षित आहे, आणि ते नदीत मासेमारी करणाऱ्या भोयांच्या जाळ्यात येते. तापीवरच्या हतनूर जलाशयावर असा एखादा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.