संगणक समूहातील सेवासातत्य : निकामी नोड ओळखण्याचा प्रश्न

एकाच सर्व्हरवर चालणारी सेवा तो सर्व्हर बंद पडताच थांबते. म्हणून दोन वा अधिक संगणक जोडून क्लस्टर उभारतात व एक नोड निकामी झाल्यास त्याचे काम दुसऱ्याने हाती घ्यावे अशी योजना करतात. या हस्तांतरणास ‘फेलओव्हर’ म्हणतात. ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षभरात सुमारे ५ मिनिटांचा खंड. तेवढ्या अवधीत व्यवस्थापकास निरोप पोचणेही कठीण. त्यामुळे निर्णय आज्ञावलीवरच सोपवावा लागतो.

सेवेचा सामाईक आयपी पत्ता दुसऱ्या नोडकडे वळविणे, डिस्क जोडणे आणि सेवा सुरू करणे फारसे अवघड नाही. खरी अडचण पहिला नोड बंद पडला आहे हे निश्चित करण्यात आहे. नोड ठरावीक अंतराने परस्परांना ‘हार्टबीट’ हा संदेश पाठवितात. तो येईनासा झाला तर यंत्र बंद पडले, केबल निघाली की अतिभाराने यंत्र केवळ मंदावले, हे त्या मौनावरून कळत नाही. अनुमान चुकल्यास दोन्ही नोड स्वतःस मुख्य समजून एकाच डिस्कवर लिहू लागतात. ही ‘स्प्लिट-ब्रेन’ अवस्था सेवा बंद पडण्याहून घातक होय. थांबलेली सेवा पुन्हा सुरू करता येते, परंतु विस्कटलेल्या नोंदी पूर्ववत करणे नेहमीच शक्य होत नाही.

यावर पहिला उपाय सभेतील गणपूर्तीसारखा आहे : ज्या गटाकडे निम्म्याहून अधिक मते असतील त्यानेच सेवा चालवावी. तीन नोडांच्या क्लस्टरला एका नोडची हानी सोसते. चार नोड केले तरी एकाचीच. दोनच नोड असल्यास एकट्याजवळ बहुमत कधीच नसते, म्हणून तिसरे मत देणारे बाह्य साधन जोडावे लागते.

दुसरा उपाय ‘फेन्सिंग’. पेसमेकर या आज्ञावलीत संशयित नोडचा वीजपुरवठा तोडून, तो तुटल्याची खात्री पटल्यावरच त्याची सेवा अन्यत्र सुरू करण्याची सोय आहे. ती अडचणीची वाटून अनेक जण चाचणीच्या वेळी बंद करतात व तशीच राहू देतात, हे प्रस्तुत लेखकास गैर वाटते. मात्र वीज तोडणारे साधन त्याच सर्व्हरच्या विजेवर चालत असेल तर सर्व्हरसोबत तेही बंद पडते, खात्री मिळत नाही आणि फेलओव्हर अडून राहतो.

गणपूर्ती साधली म्हणजे सर्व साधले असेही नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कंपनीच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरचा संपर्क उपकरण बदलताना ४३ सेकंद तुटला. उर्वरित ठिकाणच्या ऑर्केस्ट्रेटर या नियंत्रक आज्ञावलीच्या नोडांनी नियमानुसार बहुमत जमवून मुख्य डेटाबेस पश्चिम किनाऱ्यावर हलविला. पूर्वेकडील काही सेकंदांच्या नोंदी मात्र तेथे पोचलेल्याच नव्हत्या. संपर्क पुन्हा जुळला तेव्हा दोन्ही बाजूंस परस्परांजवळ नसलेल्या नोंदी होत्या. बहुमत निर्णय घेणाऱ्या नोडांचे होते. नोंदी पोचल्याची हमी त्यात नव्हती. कंपनीने वेगापेक्षा नोंदींच्या अचूकतेस प्राधान्य दिले आणि सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. त्यानंतर प्रादेशिक सीमा ओलांडून मुख्य डेटाबेस आपोआप बदलला जाऊ नये, अशी मांडणी करण्याचे तिने ठरविले.