श्वानदंश आणि नुकसानभरपाईचा हक्क

कुत्रा चावला म्हणजे सरकारी दवाखान्यात जाऊन सुया टोचून घ्यावयाच्या, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, मुलाच्या चेहऱ्यावर राहिलेला कायमचा व्रण हे सारे नशिबाचा भाग समजून सोडून दिले जाते. वस्तुतः दुसऱ्याच्या हयगयीमुळे झालेली अशी हानी भरून मागण्याचा हक्क नागरिकास आहे. मात्र हा हक्क पुराव्यावर उभा असतो आणि पुरावा पहिल्या दिवसापासूनच जपावा लागतो.

प्रथम उपचार

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर उपचार घेतल्यास मात्र हा रोग टाळता येतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर मिरचीपूड, चुना किंवा तेल लावू नये. त्यानंतर विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे. रक्त निघालेल्या जखमेत लशीबरोबरच इम्युनोग्लोब्युलिनचीही आवश्यकता असते. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या तारखांनाच घ्याव्यात. तेथे मिळणारा केसपेपर हाच पुढे भरपाईच्या मागणीचा पहिला पुरावा ठरतो. दंशाची तारीख, जागा, जखमेचे स्वरूप आणि कुत्रा पाळीव होता की मोकाट, याची नोंद त्यावर करून घ्यावी.

कुत्रा पाळीव असल्यास

आपल्या ताब्यातील जनावरापासून दुसऱ्याच्या जीवितास धोका अगर गंभीर दुखापत होऊ नये, अशी खबरदारी घेणे मालकाचे कर्तव्य आहे. ती न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होती. शिक्षा देताना जखमी व्यक्तीस भरपाई देण्याचा आदेशही फौजदारी न्यायालय देऊ शकते. याशिवाय मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात स्वतंत्र दावा लावता येतो.

कुत्रा मोकाट असल्यास

मोकाट कुत्र्यांना मालक नसतो. पण त्यांच्याविषयीची जबाबदारी कोणाचीच नाही, असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली २०२३ साली प्राणी जन्म नियंत्रण नियम करण्यात आले. त्यांनुसार अशा कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागा मोकाट कुत्र्यांपासून मुक्त ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिले. या कर्तव्यात कसूर झाल्याचे दाखवून दिल्यास भरपाई मागता येते. जीविताच्या मूलभूत हक्काचा आधार घेऊन राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयाकडेही दाद मागता येते.

येथे मुदतीचे भान ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार महापालिकेविरुद्ध दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

वन्य प्राण्यांच्या हल्ल्याबाबत वन विभागाकडून अर्थसाहाय्य मिळते. कुत्रा वन्य प्राणी नसल्याने श्वानदंशाच्या प्रकरणी त्या योजनेचा उपयोग होत नाही.

इतर राज्यांतील मार्ग

केरळमधील श्वानदंशाच्या भरपाईचे अर्ज तपासण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर भरपाईचे मोजमापच ठरवून दिले. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघून आले असल्यास जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये, असे ते मोजमाप आहे. अर्जांचा निर्णय जिल्हा पातळीवरील समित्यांनी चार महिन्यांत द्यावा, असेही त्या न्यायालयाने सांगितले. भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्यावर ठेवण्यात आली असून कसूर करणारी यंत्रणा किंवा खाजगी मालक यांच्याकडून ती रक्कम वसूल करण्याची मुभा राज्यास आहे. हे दर महाराष्ट्रात आपोआप लागू होत नाहीत. तथापि, येथील न्यायालयापुढे युक्तिवादाचा आधार म्हणून हा निर्णय मांडता येतो.

काय जपून ठेवावे

केसपेपर, लसीकरणाचे कार्ड, औषधांच्या पावत्या, जखमेची तारखेसह छायाचित्रे, साक्षीदारांची नावे, बुडालेल्या मजुरीबद्दल मालकाचा दाखला आणि पोलीस ठाण्यातील तक्रारीची प्रत हे सर्व कागद एकत्र ठेवावेत. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. त्या भागातील कुत्र्यांविषयी यापूर्वी कोणी तक्रार केली असल्यास तिची प्रतही मिळवावी. धोक्याची कल्पना असूनही उपाय योजला गेला नाही, हे अशा पत्रामुळे सिद्ध होण्यास मदत होते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून हक्क सोडण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

भरपाईच्या रकमेने जखमेचा व्रण पुसला जात नाही, हे खरे. परंतु हयगयीची किंमत मोजावी लागते, हे एकदा लक्षात आले की मालक साखळी बांधतो आणि स्थानिक संस्था लसीकरणाकडे लक्ष देते. म्हणूनच एका जखमी नागरिकाने नेटाने केलेली मागणी त्याच रस्त्याने शाळेला जाणाऱ्या इतर मुलांच्याही उपयोगी पडते.