गवत काढायला माणूस बोलावताना



मागच्या महिन्यात तीन ग्रामसंघांच्या बैठकांना गेले. हजेरी, बचत, परतफेड झाली की तिन्हीकडे एकच विषय निघाला, गवताचा. गणपती तोंडावर, घराभोवती कमरेएवढं रान, आणि मुलगा मुंबईला. एक काकी म्हणाल्या, "माणूस इलो, पैसे घेतल्यान नि गेलो. मागचां परडां तसांच रवलां." मुलाने फोनवरून सगळे पैसे आधीच पाठवले होते. आता फुरशाच्या भीतीने काकी दिवस मावळल्यावर मागच्या दारी पाय टाकत नाहीत.

ग्रास कटरवाला कोणी रोजावर येतो, कोणी तासावर, कोणी पेट्रोलच्या लिटरवर. लिटरचा हिशोब सरळ वाटतो, पण मशीन जुनं असेल तर तेवढ्याच गवताला जास्त पेट्रोल पितं आणि भुर्दंड आपल्याला. घरापुरतं काम असेल तर माझ्या मते उक्तं द्यावं. पण ते फोनवर ठरवायचं नाही. माणसाला घेऊन सगळी जागा चालायची. या गडग्यापासून विहिरीपर्यंत, गोठ्यामागे, पाणंदीकडची कड, असं बोट दाखवून सांगायचं. पेट्रोल, ऑइल, तंगूस कोणाचं तेही तेव्हाच विचारायचं. कापलेलं गवत गोळा कोण करणार? हा प्रश्न हमखास राहतो आणि मग एका बाईचा वेगळा रोज पडतो. (मशीनवाल्याचा रोज आणि तिचा रोज यात किती फरक असतो, तो वेगळा विषय आहे. पण विषय आहे.) आगाऊ द्यायचेच तर पेट्रोलपुरते द्या. बाकीचे पुन्हा एकदा जागा चालून झाल्यावर.

गुरांना वैरण हवी असेल तर तेवढा तुकडा विळ्याने काढा. मशीनने गवताचा चुरा होतो, माती मिसळते, गुरं तोंड लावत नाहीत.

लहान कलमांचं मात्र आधी सांभाळा. तंगूस कोवळ्या खोडाला लागला की साल सोलली जाते, आणि साल गोल फिरून निघाली तर कलम वाळतं. गवतात ते कलम कटरवाल्याला दिसतच नाही. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक कलमाभोवती हातभर गवत हाताने काढा आणि काठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून रोवा. विळा मारण्याआधी काठीने गवत हलवून बघायला विसरू नका.

मशीन चालू असताना दगड बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. मुलं, कोंबड्या, आपण स्वतः, सगळ्यांनी 15 मीटर म्हणजे साधारण 50 फूट लांब. चहा द्यायचा तरी मशीन बंद झाल्यावरच जा. माणसाकडे चष्मा आणि गमबूट नसतील तर तसं स्पष्ट बोला. शेजारच्या खिडकीची काच फुटली तर भरणार कोण, हेही आधी बोललेलं बरं. नंतर बोलणं होत नाही, भांडण होतं.

आता तणनाशक. हे आमच्याच घरी झालंय. आईने गवत कापायला माणूस सांगितला, तो पाठीवर पंप घेऊन आला. "काकी, आठ दिवसांत सगळं जळून जाईल." गेलं सगळं. हळदीची ओळ गेली, अळू गेलं. गवताची मुळं मेल्यावर पुढच्या मोठ्या पावसात घराच्या बाजूचा बांध पन्हळीत उतरला. माती उचलायला दोन माणसं लागली, म्हणजे कापण्यापेक्षा महागच पडलं.

ग्लायफोसेट हे औषध गवत आणि हळद यात भेद करत नाही, जे हिरवं त्यावर पडेल ते मरतं. 2022 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरती ठेवली. पॅराक्वाट तर पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. त्यामुळे 'गवत काढ' एवढंच म्हणू नका. 'कापायचं आहे, फवारायचं नाही' असं म्हणा. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून कोणी ठेवून जात असेल तर ठेवू देऊ नका.

कापताना दोन-तीन बोटं गवत राहू द्यावं, उताराला तर नक्कीच, म्हणजे माती धरून राहते. दुसरी कापणी बी झडायच्या आत झाली तर पुढच्या वर्षी रान थोडं कमी येतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या वाडीत काय दर दिला ते सांगावं, मी इतिवृत्तात लिहून घेईन. काकींचं मागचं परडं त्यांच्याच समूहातल्या दोघींनी विळ्याने काढलं. रोज घेऊन, फुकट नाही. आणि मुलाला सांगून ठेवलंय, यापुढे पैसे आईच्या खात्यावर पाठव.